न सुटणाऱ्या अग्निबाणाचे मोल

मुलांचे खेळणे हेही इतिहासाचे साधन असू शकते, हे आता कोणास नव्याने पटवून द्यावयास नको. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील उत्खननांत सापडलेल्या मातीच्या चिमुकल्या गाड्या आज संग्रहालयांत काचेआड मांडलेल्या असतात, आणि त्या काळच्या वाहनांविषयी अभ्यासक जे काही सांगतात त्यातला बराच भाग या गाड्यांवरून सांगतात. राजाने कोरविलेला शिलालेख पुढच्या पिढ्यांनी वाचावा म्हणून कोरलेला असतो. खेळणे घडविणाऱ्याच्या मनात असा हेतू नसतो. त्यामुळे त्याची साक्ष अनेकदा अधिक निर्मळ ठरते. कोणता पदार्थ स्वस्त होता, मुले कोणत्या वीरावर लुब्ध होती, आणि आईबापांना कशाची धास्ती वाटत होती, एवढे तरी त्यातून कळतेच.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका खेळण्याचा विचार करणार आहोत. ते आपल्याकडचे नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहरी, १९७८-७९ च्या सुमारास त्याची योजना झाली. उंची पावणेचार इंच, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटर. द्रव्य प्लॅस्टिक. ३१ मे २०२४ रोजी डॅलस येथील हेरिटेज या लिलावसंस्थेने त्याचा एक नमुना ५ लाख २५ हजार डॉलरला विकला. त्या दिवसाच्या दराने ही रक्कम सव्वाचार कोटी रुपयांच्या वर जाते, आणि जुन्या खेळण्यास लिलावात आलेली तोवरची सर्वांत मोठी किंमत म्हणून तिची वार्ता झाली. मूळ मालिकेतील असे एक चित्र दुकानात सुमारे दोन डॉलरला मिळत असे. तेव्हा प्रश्न असा पडतो, की घेणाऱ्याने ही रक्कम नेमकी कशासाठी मोजली? आणि ज्याला इतिहासाच्या दृष्टीने मोल म्हणावे, ते या किमतीत उतरले आहे काय?

प्रथम या चित्राच्या नायकाची ओळख करून देणे आवश्यक आहे. ‘स्टार वॉर्स’ हा जॉर्ज ल्यूकस यांचा विज्ञानकल्पनेवर आधारलेला चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. दूरच्या आकाशगंगेतील साम्राज्य आणि त्याविरुद्ध उठलेले बंडखोर यांची ती कथा. तिच्या पुढील भागात, म्हणजे २१ मे १९८० रोजी आलेल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या चित्रपटात, बोबा फेट नावाचे एक पात्र आहे. बक्षिसाच्या रकमेसाठी फरारी माणसे हुडकून आणून देणारा हा भाडोत्री शिकारी. तोंड कधी दिसत नाही. ते शिरस्त्राणाआड असते. पाठीवर उड्डाणयंत्र, आणि त्यात खोवलेला एक अग्निबाण. पोषाखाची कल्पना राल्फ मॅक्वरी आणि जो जॉन्स्टन या दोन चित्रकारांची. जेरेमी बुलॉक या नटाने हा पोषाख अंगावर घेतला. त्यांचे १७ डिसेंबर २०२० रोजी निधन झाले. त्या चित्रपटात या पात्राच्या वाट्याला अवघी चार वाक्ये आली आहेत. तरीही मुलांच्या मनात त्याने जे स्थान मिळविले, ते पुष्कळशा बोलक्या पात्रांस मिळाले नाही.

याचे एक कारण असे, की चित्रपट येण्याच्या आधीच तो मुलांपर्यंत पोहोचला होता. २४ सप्टेंबर १९७८ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन अँसेल्मो या छोट्या गावच्या जत्रेच्या मिरवणुकीत हा पोषाख चालताना लोकांनी पाहिला. १७ नोव्हेंबर १९७८ रोजी दूरचित्रवाणीवरील एका विशेष कार्यक्रमात, टोरांटो येथील नेल्वाना या संस्थेने केलेल्या व्यंगपटातून त्याची हालचाल आणि आवाज प्रथम प्रकट झाला. पुढल्या चित्रपटास तेव्हा दीड वर्षाचा अवकाश होता. या दीड वर्षात मुलांची उत्सुकता जागी ठेवण्याचे काम खेळण्यांकडे आले.

ती खेळणी करणारी कंपनी केनर. १९४६ मध्ये सिनसिनाटी येथे स्टायनर बंधूंनी ती काढली, आणि आपण ज्या रस्त्यावर दुकान मांडले त्याचेच नाव तिला दिले. १९६७ मध्ये जनरल मिल्स या, पीठ आणि न्याहारीचे पदार्थ विकणाऱ्या मोठ्या कंपनीने ती घेतली. ‘स्टार वॉर्स’च्या खेळण्यांचा परवाना आधी मेगो या तेव्हाच्या बलाढ्य कंपनीने नाकारला होता, तो केनरकडे आला. चित्रपटाला एवढे यश लाभेल याची कल्पना कोणासच नव्हती. १९७७ चा नाताळ जवळ आला तेव्हा केनरजवळ विकावयास एकही चित्र तयार नव्हते. तेव्हा कंपनीने एक अजब युक्ती योजिली. तिने रिकाम्या पाकिटात एक प्रमाणपत्र घालून विकले. ते भरून टपालाने पाठविले म्हणजे पुढील वर्षी पहिली चार चित्रे घरपोच मिळणार. मुलांनी नाताळात आश्वासनाचा कागद भेट म्हणून स्वीकारला, आणि कंपनीने तो शब्द १९७८ मध्ये पाळला. हा प्रसंग लक्षात ठेवावा. पुढील हकिगतीत आश्वासन हाच कळीचा शब्द आहे.

चित्राचा आकार हीही विचारपूर्वक केलेली निवड होती. अमेरिकेत मुलग्यांच्या बाहुल्यांना ‘ॲक्शन फिगर’ म्हणण्याचा प्रघात १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीच्या जी. आय. जो या सैनिकाबरोबर पडला, कारण बाहुली म्हटले की मुलगे घेणार नाहीत अशी व्यापाऱ्यांची समजूत होती. तो सैनिक जवळजवळ फूटभर उंच होता. एवढ्या उंचीच्या वीरांसाठी विमाने आणि रणयाने करावयाची तर ती दिवाणखान्यात मावली नसती. पावणेचार इंचांत वीर स्वस्त झाला, आणि त्याला बसावयास यानही देता आले. मातीचे अख्खे सैन्य घेऊन दिवाळीचा किल्ला सजविणाऱ्या आपल्या मुलांना यातला हिशेब चटकन उमगेल.

१९७९ च्या आरंभी केनरने नवी योजना जाहीर केली. मालिकेतील कोणत्याही चार चित्रांच्या पुठ्ठ्यांवरील खरेदीचे पुरावे कापून पाठवावेत. बदल्यात बोबा फेटचे चित्र फुकट येईल. तोवर मालिकेत वीस चित्रे होती. हे एकविसावे, आणि अजून दुकानात न आलेले. पुठ्ठ्याच्या पाठीवर छापलेल्या जाहिरातीत त्याच्या पाठीवरील अग्निबाण खरोखर सुटतो, असे सांगितले होते. त्यासाठी आत स्प्रिंग बसविली होती, आणि पाठीवर एक खाच ठेवून तिच्यात सरकणारी कळ दिली होती. कळ खाली ओढून बाजूस अडकवावयाची. मोकळी केली की लाल रंगाचा चिमुकला बाण उडे. पहिल्या नमुन्यांत ही खाच रोमन ‘एल’ अक्षराच्या आकाराची होती. कळ तिच्यात नीट अडकून राहीना. हात लागताच सुटे. म्हणून पुढल्या नमुन्यांत खाचेच्या टोकाला वळण देऊन ती ‘जे’ अक्षरासारखी करण्यात आली. संग्राहकांच्या व्यवहारात या दोन प्रकारांची नावे या खाचांवरूनच पडली आहेत.

हे प्रयोग चालू असतानाच अमेरिकेत एक दुर्घटना घडली. केनरचा तिच्याशी संबंध नव्हता. १७ सप्टेंबर १९७८ पासून ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही अंतराळकथा दूरचित्रवाणीवर सुरू झाली होती, आणि तिची खेळणी मॅटेल या कंपनीने काढली होती. त्यातील लढाऊ यानांतून लहान प्लॅस्टिकचे बाण सुटत. १९७८ च्या अखेरीस यातील एक बाण जॉर्जिया राज्यातील चार वर्षांच्या एका मुलाच्या घशात जाऊन अडकला, आणि तो दगावला. जानेवारी १९७९ मध्ये मॅटेलने हे बाण परत मागविण्याची मोहीम काढली. बाण टपालाने परत पाठवील त्या मुलाला एक छोटी मोटार भेट मिळे. पुढे तीच याने बाण आत पक्के बसवून विकली गेली.

केनरने ही वार्ता ऐकून आपल्या चित्राचा फेरविचार केला. वळणाच्या खाचेने कळ घसरण्याचा दोष कमी झाला होता. परंतु मूळ धोका कळीचा नव्हता, तो बाणाचा होता. बाण सुटा असेल तर तो तोंडात जाणारच. तेव्हा बाण पाठीवर कायमचा बसवून टाकावा असा निर्णय झाला. छापून झालेल्या पुठ्ठ्यांवर जाहिरातीच्या त्या भागावर चिकटपट्ट्या लावण्यात आल्या. १९७९ मध्ये मुलांच्या घरी चित्र पोहोचले तेव्हा पांढऱ्या खोक्यात एक पत्रही होते, आणि त्यात सुरक्षिततेच्या कारणाने बाण सुटण्याची सोय काढून टाकल्याचे कळविले होते. आश्वासन या वेळी पुरे झाले नाही. ते का मोडले हे मात्र मुलांच्या वडीलधाऱ्यांस सरळ शब्दांत सांगण्यात आले.

याप्रमाणे सुटणाऱ्या बाणाचे चित्र बाजारात आलेच नाही. जे राहिले ते कारखान्यातील व कार्यालयातील चाचण्यांसाठी केलेले मोजके नमुने. बहुतेक न रंगविलेल्या, निळसर करड्या प्लॅस्टिकचे. काही थोडे हाताने रंगविलेले. नोकरवर्गापैकी कोणी घरी नेलेले, कोणी कपाटात ठेवलेले असे हे नमुने पुढे संग्राहकांच्या हाती आले. २०२४ मध्ये विकला गेला तो हाताने रंगविलेला, ‘एल’ खाचेचा नमुना.

आता पारखीच्या प्रश्नाकडे वळू. अशा वस्तूची परीक्षा कशी करतात हे पाहिले, तर जुने कागद हाताळणाऱ्या आपल्या वाचकांस ती रीत परकी वाटणार नाही.

पहिली परीक्षा ओळखीची. सर्वसाधारण चित्राच्या पायावर मागील बाजूस बारीक ठसा असतो: जी.एम.एफ.जी.आय., १९७९, आणि बहुधा हाँगकाँग. पहिल्या अक्षरांचा अर्थ जनरल मिल्स फन ग्रुप इनकॉर्पोरेटेड. न्याहारीचे पीठ विकणाऱ्या कंपनीचे नाव अवकाशातील शिकाऱ्याच्या पायावर आणि त्याखाली पूर्वेकडील एका बंदराचे, एवढ्या दोन ओळींत त्या काळच्या भांडवलाची आणि मजुरीची वाट उमटली आहे. नमुन्यांचे ठसे मात्र एकसारखे नसतात. काहींवर ठसाच नाही. म्हणून ठसा आहे अथवा नाही एवढ्यावरून निकाल देता येत नाही. साचा, सांध्यांची घडण, प्लॅस्टिकचा रंग आणि खाचेचा कंगोरा हे सर्व एकत्र पाहावे लागते.

दुसरी परीक्षा स्थितीची. शिरस्त्राणाच्या कडेचा आणि छातीवरच्या कवचाचा रंग किती घासला आहे, हातपाय आपोआप खाली गळतात की दिलेल्या ठिकाणी टिकतात, उन्हाने रंग विटला आहे काय, सोबतची लहान बंदूक जागेवर आहे काय, हे पाहतात. चित्र न उघडलेल्या वेष्टनात असेल तर पुठ्ठ्याचे कोपरे, टांगण्याचे भोक आणि चित्रावरचा पारदर्शक फुगवटा पिवळा पडला आहे की नाही हेही तपासतात. अमेरिकेत यासाठी गुण देणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. त्यांतील एक प्रमुख संस्था शंभरपैकी गुण देते. पुठ्ठा, फुगवटा आणि चित्र यांचे गुण वेगवेगळे नोंदते, आणि वस्तू जाड पारदर्शक पेटीत बंद करून परत करते. पंच्याऐंशी गुण पडले तर मालक आनंदतो. मात्र त्या पेटीतील चित्राला यापुढे कोणा मुलाचा हात लागणार नाही, आणि मालकाचाही नाही. चांगल्या स्थितीचा अर्थ येथे ‘ज्याच्याशी कोणी खेळले नाही ते’ असा होतो. भातुकलीतल्या पितळी भांड्याला पडलेला पोचा ज्या घरात आजीची आठवण मानला जातो, त्या घरच्या माणसाला हा अर्थ थोडा चमत्कारिक वाटेल.

तिसरी परीक्षा नकलांची. जिथे किंमत चढते तिथे नकली माल येतो, आणि या चित्राच्या नकला कित्येक वर्षे बाजारात फिरत आहेत. अस्सल चित्रावरून साचा काढून ओतलेली नक्कल थंड होताना आकसते. त्यामुळे ती मूळ मापापेक्षा किंचित लहान भरते आणि अक्षरांच्या कडा बोथट येतात. नव्या कागदात चकाकी आणणारी द्रव्ये असतात. अतिनील दिव्याखाली तसा पुठ्ठा निळसर झळकतो. सुट्या बंदुका पाण्यात टाकून तरंगतात की बुडतात हे पाहण्याची एक लोकप्रिय पद्धत आहे. तिच्यावर सर्वस्वी विसंबून राहू नये, कारण अस्सल वस्तूंतही दोन्ही प्रकार आढळतात. एका खुणेवर निकाल देऊ नये, हा येथे पहिला नियम. मोडी कागदाची पारख करताना केवळ शिक्का पाहून कोणी तो अस्सल म्हणत नाही; कागद, शाई, वळण, मायना आणि तो कोणाच्या दप्तरातून आला हे सारे पाहिले जाते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि त्यांच्या समकालीनांनी मराठी कागदपत्रांच्या अभ्यासास ही शिस्त लावली. प्लॅस्टिकच्या बाहुल्यासही तीच शिस्त लागू पडावी, यात आम्हांस नवल वाटत नाही. फसवणूक करणाऱ्याची बुद्धी सर्व काळी सारखीच चालते.

चौथी आणि सर्वांत अवघड परीक्षा परंपरेची, म्हणजे वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती आली याची. कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे स्टीव्ह सॅन्सवीट यांचा ‘रँचो ओबी-वान’ नावाचा संग्रह आहे. ‘स्टार वॉर्स’विषयक वस्तूंचा जगातील सर्वांत मोठा संग्रह म्हणून गिनेस ग्रंथाने त्याची नोंद केली होती. २०१७ मध्ये या संग्रहातून शंभरांहून अधिक वस्तू चोरीस गेल्याचे उघड झाले. या प्रकरणाचा धागा लागला तो सुटणाऱ्या बाणाच्या बोबा फेटच्या एका नमुन्यावरून. चोर बाहेरचा दरोडेखोर नव्हता. संग्राहकांच्या वर्तुळातला, विश्वासाने घरात घेतलेला माणूस होता. ज्यांनी वस्तू त्याच्याकडून विकत घेतल्या त्यांना त्या अस्सल मिळाल्या होत्या. मालकी मात्र खोटी होती. वस्तू खरी असणे आणि तिची कहाणी खरी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने संग्राहकांस दाखवून दिले.

कहाणीच्या खरेखोटेपणाचा आणखी एक नमुना येथे नमूद करण्याजोगा आहे. अमेरिकेत अनेक प्रौढ माणसे शपथेवर सांगतात, की लहानपणी आपल्याजवळ बाण सुटणारा बोबा फेट होता. टपालाने गिऱ्हाइकाकडे असे चित्र पोहोचल्याचे एकही उदाहरण आजवर सिद्ध झालेले नाही. ही माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांनी पुठ्ठ्यावरची जाहिरात पाहिली होती. मॅटेलच्या यानांतून बाण खरोखर सुटत असत. आणि मुलाच्या हातात तर न सुटणारा बाणही आवाजासकट सुटतो. भरीला २०१० मध्ये हॅस्ब्रोने जुनी योजना आठवून टपालाने मिळणारे, बाण सुटणारे बोबा फेटचे नवे चित्र काढले. या सर्वांची स्मृतीत सरमिसळ झाली. स्मृतीला मान द्यावा. परंतु कागदाशी ताडून पाहिल्यावाचून तिला पुरावा म्हणू नये, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगण्यासाठी यापेक्षा सोपे उदाहरण सापडणे कठीण.

आता किमतीचा विचार. जुलै २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील हेक्स या लिलावसंस्थेत असा एक नमुना १ लाख १२ हजार ९२६ डॉलरला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरा १ लाख ८५ हजार ८५० डॉलरला. पाच वर्षांनी २०२४ मध्ये ५ लाख २५ हजार. २०१९ च्या नोव्हेंबरातच ‘द मँडेलोरियन’ ही नवी मालिका सुरू झाली. बोबा फेटसारखेच शिरस्त्राण घातलेला शिकारी तिचा नायक आहे, आणि पुढे २९ डिसेंबर २०२१ पासून खुद्द बोबा फेटवरही मालिका आली. जी मुले १९७९ मध्ये टपालाची वाट पाहत होती ती आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत, आणि त्यांतील काहींच्या हाती पैसा आहे. दुर्मिळता, गाजलेले नाव आणि अपुऱ्या राहिलेल्या बालपणीच्या इच्छा अशा तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे लिलावात काय होते ते या आकड्यांवरून दिसते. यांत आम्हांस निंद्य असे काही वाटत नाही. ज्याचे त्याचे द्रव्य, आणि ज्याची त्याची आवड.

परंतु इतिहासाची पारख येथे बाजारापासून वेगळी होते. बाजाराने ज्या नमुन्याला अर्धा दशलक्ष डॉलर दिले तो म्हणजे, मुलांच्या हाती देण्यास योग्य नाही असे ठरलेली वस्तू. त्याची दुर्मिळता दुसऱ्या एका घरच्या मुलाच्या मृत्यूशी बांधलेली आहे. ही गोष्ट लिलावाच्या वर्णनांत ‘सुरक्षिततेच्या कारणाने रद्द’ एवढ्या तीन शब्दांत येते. त्या शब्दांमागे काय आहे हे सांगणे पारख करणाऱ्याचे काम आहे, असे आम्ही समजतो. नाहीतर पारख केवळ मापे आणि गुण यांतच अडकून पडते.

आणि म्हणूनच आमच्या मते या हकिगतीतील अधिक मोलाची वस्तू दुसरीच आहे. १९७९ मध्ये टपालाने घरोघर गेलेले आणि नंतर दुकानांतही विकले गेलेले ते साधे चित्र, ज्याच्या पाठीवरचा लाल बाण पक्का बसविलेला आहे आणि सुटत नाही. ते दुर्मिळ नाही. त्याचा रंग घासलेला असतो, बंदूक हरवलेली असते, आणि वरील नमुन्यांच्या मानाने ते अगदी स्वल्प किमतीत मिळते. पण त्या न हलणाऱ्या बाणात एक निर्णय गोठलेला आहे. छापलेली जाहिरात झाकून, मुलांची निराशा पत्करून आणि नमुन्यांवर झालेला खर्च सोडून देऊन एका कंपनीने एक धोका टाळला. त्यात सद्‌भावना किती आणि कोर्टकचेरीचे भय किती याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. पण मुलांच्या पदरी त्याचे फळ पडले. पारख करणाऱ्याने असे चित्र हातात घेऊन प्रथम बाण हलवून पाहावा, आणि तो हलत नाही याला वस्तूचा दोष न मानता तिची साक्ष मानावी.

या साक्षीला पुढे कायद्याची जोड मिळाली. अमेरिकेत १ जानेवारी १९८० पासून तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी लहान भागांविषयीचा नियम लागू झाला. त्याची कसोटी मोठी साधी आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाची, तिरप्या तळाची एक नळी घेतात. तिची खोली एका बाजूस २५.४ आणि दुसऱ्या बाजूस ५७.१ मिलिमीटर असते. खेळण्याचा जो सुटा भाग तिच्यात पूर्ण मावतो तो लहान मुलास धोक्याचा. ही नळी म्हणजे एका परीने लहान मुलाच्या घशाचे माप आहे. सुटणाऱ्या बाणांविषयीचे वेगळे नियमही पुढील काळात मानकांत आले. भारतात खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. त्यामागील आय. एस. ९८७३ या मानकाचा यांत्रिक सुरक्षिततेचा भाग आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेला आहे, आणि त्यातही हीच नळी आहे. इंदूर, बडोदे किंवा बेळगाव येथील दुकानात आज नातवासाठी खेळणे घेताना त्यावरील ते चिन्ह आपण पाहतो. सिनसिनाटीत पक्का बसविलेला बाण आणि हे चिन्ह यांच्यामागे काळजी एकच आहे.

सिनसिनाटीचे ते कार्यालय आता उरले नाही. जनरल मिल्सने १९८५ मध्ये केनर वेगळी काढली. १९८७ मध्ये टोंका कंपनीने ती घेतली, १९९१ मध्ये टोंकासह ती हॅस्ब्रोकडे गेली, आणि २००० मध्ये सिनसिनाटीचे कार्यालय बंद झाले. नमुने कोणी केले, कोणी रंगविले, कोणी घरी नेले हे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. संग्राहकांपैकी काही जाणत्यांनी जुन्या नोकरवर्गाला भेटून त्यांच्या आठवणी नोंदविण्याचे काम हाती घेतले, हे त्यांचे मोठे ऋण मानावे लागेल. ती नोंद नसती तर आज पारखीस केवळ प्लॅस्टिक उरले असते.

आपल्यासारख्या, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी देश सोडून दूरच्या मुलखात स्थायिक झालेल्या घराण्यांना यातून घेण्यासारखे काही असेल तर ते एवढेच. आपल्या माळ्यावरच्या पेटाऱ्यांत सोंगट्या आहेत, लाकडी बाहुल्या आहेत, गंजिफांचे डाव आहेत. त्यांची बाजारात किंमत काय येईल हे विचारणारे पुष्कळ भेटतात. ती वस्तू कोणी आणली, कोणत्या गावाहून आणली, तिच्याशी कोण खेळले, आणि तिचा एखादा भाग मुद्दाम काढून टाकला असेल तर तो का काढला, हे विचारणारा विरळा. हे प्रश्न घरातील वडील माणसे हयात आहेत तोवर विचारून घ्यावेत, आणि उत्तर एका चिठ्ठीवर लिहून, तारीख घालून वस्तूबरोबर ठेवावे. किंमत ठरविणारा उद्या कोणीही मिळेल. कारण सांगणारा मिळेलच असे नाही.